चोरीच्या जागीच सापडलेली स्टेपनी

मित्रांनो, चाकाच्या जन्माला यावं आणि फिरायलाच मिळू नये, असं कुणाचं झालेलं तुम्ही ऐकलंय का? माझं झालं. मी एक जुनी स्टेपनी आहे. गाडीचं चाक वाटेत पंक्चर झालं तर त्याच्या जागी लावायला एक जादा चाक सोबत ठेवतात ना, तीच मी. अडचण आली की माझी आठवण, एरवी मी जागेवर आहे की नाही हेही कुणी वाकून बघत नाही. माझा स्वभाव जरा कुरकुरा आहे, तेवढं पोटात घाला आणि माझी गोष्ट ऐका.

सध्या माझा मुक्काम पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत आहे. हिला मुद्देमालाची खोली म्हणतात. चोरीत सापडलेल्या वस्तू खटला संपेपर्यंत इथे ठेवतात. माझ्या एका अंगाला पाण्याचा पंप आहे, दुसऱ्या अंगाला नळांनी भरलेलं पोतं. समोर एक सायकल भिंतीला टेकून उभी आहे, तिची सीट मात्र कुणीतरी काढून नेली. होय, पोलीस ठाण्यातूनच. दाराला सदा कुलूप असतं. व्हरांड्याकडे एक गजांची खिडकी आहे आणि खिडकीखाली बाक. जगात काय चाललंय ते मला त्या खिडकीतून कळतं. माझ्या गळ्यात सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलाय, त्यावर लाखेची मोहर आहे. या खोलीची राखण करणारे हवालदार गुडघ्याने बेजार, म्हणून चहा प्यायला ते माझ्यावरच बसतात. गाडीचा भार कधी उचलायला मिळाला नाही, तो आता हवालदारांचा उचलते आहे.

तर सुरुवातीपासून सांगते. एका मोठ्या कारखान्यात तापलेल्या साच्यातून मी बाहेर पडले. माझ्या अंगावरची नक्षी तेव्हा चांगली खोल होती, नखाने टोकरलं तरी ओरखडा उठत नसे. आम्हा पाच जणींना एका बर्फवाल्या मालकाने दुकानातून उचललं. चौघी गाडीला लागल्या. मग मालकाने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "ही राहू दे खाली." मीच का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. माझ्या लोखंडी कड्यावर त्यांनी ओळखीसाठी पांढऱ्या रंगाचे दोन पट्टे ओढले. गाडीच्या पोटाखाली मागच्या बाजूला लोखंडी पिंजरा होता, त्यात मला आडवी घातली, नट आवळले, झालं. बहिणी रस्त्यावर गेल्या आणि मी पिंजऱ्यात.

गाडी बर्फाची होती. सकाळी कारखान्यातून लाद्या भरायच्या, त्यांच्यावर लाकडाचा भुसा, गोणपाट आणि ताडपत्री टाकायची, आणि ऊन चढायच्या आत मासळीबाजार गाठायचा. लादी कितीही झाका, ती पाझरतेच. ते पाणी फळ्यांच्या फटींतून माझ्यावर ठिबकत राहायचं. भर उन्हाळ्यात माझ्या बहिणी डांबरावर भाजून निघायच्या आणि मी तेवढी गार. चैन आहे बुवा हिची, असं तुम्ही म्हणाल. एकदा राहून बघा तिथे, मग बोला.

गाडी चालवणाऱ्याला सगळे 'सावकाश' म्हणायचे. त्याच्या तोंडात दुसरा शब्दच नसे. लाद्या चढवणाऱ्या हमालांना सावकाश, रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला सावकाश, स्वतःच्या पायालाही सावकाश. बर्फाचं काम म्हणजे घाईचं, आणि हा माणूस कधी घाई करायचा नाही, तरी बर्फ वेळेवर पोचायचा. खड्डा आला की मागे कुणी झोपलंय अशा बेताने तो गाडी उतरवायचा. मालक चारचौघांत म्हणायचे, "याच्या हातात गाडी आहे ना, मग मी घोरायला मोकळा." मालकांना तो दादा म्हणायचा. मालकांच्या घरी कार्य असलं की पाहुण्यांना आणायला आणि पोचवायला तोच, आणि शेवटच्या पंगतीला मालकांच्या शेजारी बसणाराही तोच.

मालक वाईट होते असं मी मुळीच म्हणणार नाही. तरुणपणी त्यांनी स्वतः बर्फाची हातगाडी ओढली होती. पण पैशाची गोष्ट निघाली की त्यांची जीभ एका शब्दावर अडायची. बघू. वाटेत पंक्चर झालं की सावकाश मला न काढता तिथल्या तिथे दुरुस्ती करून घ्यायचा, ट्यूब बदलायचा, आणि पैसे त्याच्याच खिशातून जायचे. मग गाडी अंगणात लागल्यावर तो मागच्या बाजूला येऊन, माझ्या अगदी डोक्यावर उभा राहून म्हणायचा, "दादा, पंक्चरचे राहिलेत." मालक म्हणायचे, "बघू." पुन्हा महिन्याने तेच. बघू म्हणजे हो नव्हे आणि नाहीही नव्हे. नाही म्हटलं असतं तर माणूस दुसरीकडे हात पसरायला मोकळा झाला असता.

आता ड्रायव्हर लोकांची एक रीत सांगते. ती कुठे लिहिलेली नाही आणि मालकाच्या कानावर कुणी घालत नाही. हातात पैसे उरले नाहीत की ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे स्टेपनी ठेवायची, पैसे उचलायचे, आणि पुढच्या खेपेला पैसे देऊन सोडवून आणायची. पिंजरा रिकामा दिसू नये म्हणून पंक्चरवाला एखादं टकलं चाक तेवढ्यापुरतं त्यात घालून देतो. याला त्यांच्यात कुणी चोरी म्हणत नाही. "स्टेपनी माहेरी गेलीय," म्हणतात आणि हसतात. सावकाशने मला कधी माहेरी धाडलं नव्हतं. इतरांनी धाडलं तर तो त्यांच्यावर चिडायचा.

पण त्या महिन्यात त्याच्या खोलीचं भाडं थकलं होतं, आणि घरमालकाने सामान रस्त्यावर काढायची भाषा केली होती. सावकाश पुन्हा माझ्या डोक्यावर येऊन उभा राहिला. म्हणाला, "दादा, पंक्चरचे मागचे सगळे मिळून द्या ना. घरमालक दारात येऊन बसतोय."

मालक म्हणाले, "अरे, बाजारातली वसुली होऊ दे. बघू."

मालक गेले. सावकाश गाडीखाली आला आणि माझे नट सोडवू लागला. त्याचे हात नेहमीचेच होते, सवयीचे, पण श्वास मात्र चोराचा होता. स्वतःलाच समजावत होता, "त्यांच्याकडे माझे जेवढे निघतात तेवढेच उचलतोय. वर एक दमडी नाही. पगार झाला की आणून ठेवीन." मित्रांनो, मला तेव्हा आनंद झाला, हे कबूल करते. मला वाटलं, सुटले एकदाची पिंजऱ्यातून. कसलं काय. पंक्चरवाल्याच्या दुकानात माहेरवाशिणींचा ढीग होता, त्या ढिगात सगळ्यात खाली मला टाकलं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण या खिडकीतून इतक्या तोंडांनी ऐकलंय की पाहिल्यासारखंच आहे. दुसऱ्या दिवशी सावकाशची सुट्टी होती. गाडी मालकांच्या मेहुण्याने काढली. मेहुणा म्हणजे पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा चालवणारा. बाजाराच्या अलीकडे खिळा लागून चाक बसलं. त्याने पिंजऱ्यातलं टकलं चाक काढलं, न बघता लावलं, आणि पूल ओलांडतो न ओलांडतो तोच तेही फुटलं. मेहुणा दुसरं चाक आणायला गेला तो गेलाच. ऊन चढलं. गाडीखालून आधी थेंब, मग धार, मग गटाराला पूर आल्यासारखं पाणी. चिमण्या येऊन आंघोळ करून गेल्या म्हणे. दुपारी ताडपत्री काढली तेव्हा आत ओला भुसा होता. तिकडे बाजारात मासळी नासली, आणि व्यापाऱ्यांनी त्याच दिवशी दुसऱ्या बर्फवाल्याला काम दिलं.

मालकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या नसत्या तरच नवल. "घरातला समजत होतो त्याला," असं म्हणत ते संध्याकाळीच पोलीस ठाण्यात गेले आणि नोकराने चोरी केल्याची तक्रार देऊन आले. सावकाशला विचारायला कुणी गेलं नाही. मेहुण्याने मात्र त्याला फोनवर सगळं रंगवून सांगितलं, फक्त तक्रारीचं तेवढं सांगायचं राहिलं.

सावकाशच्या बायकोने कानातलं काढून नवऱ्याच्या हातात ठेवलं. ती शिवणकाम करायची आणि बोलायला फटकळ होती. तिने सांगितलं होतं, "आधी दादांच्या पायरीवर जा. स्टेपनी नंतर आणा." बायकोचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण याला वाटलं, आधी वस्तू जागेवर असू दे, मग ताठ मानेने जाऊ. सकाळी पंक्चरवाला दुकान उघडायच्या आत हा दारात हजर. बायकोचं कानातलं देऊन मला सोडवलं, हातगाडीवर घालून आणलं, अंगणात कुणी नाही असं बघून गाडीखाली शिरला आणि मला पिंजऱ्यात घालून नट आवळले. अंगावरची माती झटकत म्हणाला, "झालं. सगळं जागच्या जागी." याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. लपून नेलेली वस्तू लपून परत ठेवली, म्हणजे लपवण्याची दोन कामं झाली.

तासाभरात मालक दोन पोलिसांना घेऊन आले. सावकाश तिथेच फडक्याने काच पुसत होता. मालक म्हणाले, "विचारा त्याला, कुठे विकली."

हवालदार कण्हत गुडघ्यावर बसले आणि गाडीखाली डोकावले. मग म्हणाले, "मालक, काय चोरीला गेलंय म्हणालात?"

"स्टेपनी. एकदाही न वापरलेली. कड्यावर दोन पांढरे पट्टे."

"ही काय इथे आहे."

मालक वाकले. मी त्यांच्याकडे बघत होते, ते माझ्याकडे. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच नीट पाहिलं. सावकाशने हात जोडले आणि म्हणाला, "दादा, मीच नेली होती, मीच आणली. तुमचं जे काही नुकसान झालं ते माझ्यामुळे झालं. सगळं भरून देईन." साक्षीला बोलावलेले शेजारचे दोघं ऐकत होते. हवालदारांनी पेन उघडलं आणि लिहून घेतलं की चोरीस गेलेला माल चोरीच्याच जागी मिळून आला. मग मला पुन्हा सोडवलं, गळ्यात पुठ्ठा बांधला, आणि गाडी स्टेपनीशिवाय उभी राहिली. ज्याची वस्तू त्याच्याच गाडीखालून जप्त झाली, आणि ती परत मिळवण्यासाठी त्यालाच आता अर्ज करावा लागणार होता.

सावकाशला जामीन मिळाला. अट अशी की दर आठवड्याला ठाण्यात हजेरी लावायची आणि परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. गाव सोडायचं नाही म्हटल्यावर ड्रायव्हरने चालवायचं काय? आणि गावातल्या गावात चोरीचा खटला असलेल्याच्या हाती किल्ली कोण देणार? तो बाजारात पोती उचलू लागला. हजेरीच्या दिवशी त्या बाकावर येऊन बसायचा. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे तो. मला कुलूप होतं, त्याला नव्हतं, एवढाच काय तो फरक.

त्याची वकीलबाई त्याला तिथेच भेटायची. सरकारी खर्चाने मिळालेली होती, पण मन लावून काम करायची. पहिल्याच दिवशी तिने त्याला झापलं. "बाहेरच्या चोराने नेली असती तर शिक्षा कमी असती. नोकराने चोरी केली तर कायदा जास्त कडक होतो, कारण तुमच्यावर विश्वास टाकलेला असतो."

"पण बाई, मी परत ठेवली."

"ठेवलीत, चांगलं केलंत. शिक्षेच्या वेळी त्याचा उपयोग होईल. पण परत ठेवल्याने नेलेलं पुसलं जात नाही."

"आणि माझे पैसे निघत होते त्यांच्याकडे."

"निघत होते तर मागायचे. दिले नाहीत तर कामगार कचेरी आहे, तिकडे तक्रार करायची. मालकाची वस्तू उचलून आपला हिशेब आपणच फेडून घ्यायचा नसतो." मग ती हळू आवाजात म्हणाली, "आणि ते 'सगळं भरून देईन' कशाला बोललात? माफी मागावी माणसाने, पण बेरीज कबूल करू नये. आता मालक बर्फ मागताहेत, मासळी मागताहेत, गेलेलं कामही मागताहेत."

मालक खरंच ते सगळं मागत होते. त्यांचं म्हणणं, सगळं भर, मग मी तक्रार मिटवायला तयार होतो. सावकाशचं सगळं आयुष्य पोती उचलण्यात गेलं असतं तरी तेवढं फिटलं नसतं. वकीलबाईने कोर्टात विचारलं, "बर्फ किती होता याचा पुरावा?" पुरावा तर गटारातून वाहून गेला होता. मग तारखेवर तारीख. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण या दोघांपैकी शहाणा होता कोण? एका तारखेला साक्षीदार नाही, दुसरीला न्यायाधीश रजेवर, तिसरीला मीच नव्हते, कारण मला न्यायला गाडी नव्हती. चार चाकं असलेल्या गाडीअभावी एक चाक कोर्टात पोचू शकलं नाही. हवालदार पोट धरून हसले, मला काही हसू आलं नाही.

इकडे आड आणि तिकडे विहीर, अशी सावकाशची गत झाली. गुन्हा कबूल केला तर तुरुंग आणि जन्माचा चोर. लढत राहिलं तर वर्षानुवर्षं हाच बाक. मालकांनी तडजोडीवर सही दिली आणि कोर्टाने मान्य केलं तरच सुटका, आणि मालकांची सही त्याला परवडणारी नव्हती. एकदा बाकावर बसून तो स्वतःशीच म्हणाला, "मला फक्त पुन्हा गाडी चालवायचीय." आवाज असा होता की मला खोलीतून बाहेर घरंगळत जावंसं वाटलं. पण चाकाला कुणीतरी ढकलावं लागतं.

मालकही काही सुखात नव्हते. मेहुण्याने गाडी दोनदा ठोकली. एकदा मला परत मागायचा अर्ज घेऊन ते ठाण्यात आले, तो नेमका हजेरीचा दिवस होता. सावकाश आत सही करायला गेला होता आणि त्याची बायको बाकावर बसली होती. मालक तिला बघून वळणार, तेवढ्यात ती म्हणाली, "दादा, बसा. पळू नका. मी काही चोर नाही."

मालक बसले नाहीत, पण थांबले. म्हणाले, "वहिनी, तुमच्यावर माझा राग नाही. त्याने माझा गळा कापला."

"कापला. चूक त्याचीच. मी त्याला घरात रोज ऐकवते. पण मला एक सांगा. तुम्हाला पैसे हवेत की माणूस आत हवाय? आत गेला तर पोती कोण उचलणार आणि तुमचे पैसे कोण फेडणार? दोन्ही एकदम मिळायचं नाही."

मालकांनी हातातल्या अर्जाची घडी घातली. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असं त्यांचं झालं होतं. मग म्हणाले, "मला पैसे नकोत वहिनी. मला कळत नाही, इतकी वर्षं माझ्या ताटात जेवला, त्याने मागितलं का नाही?"

ती म्हणाली, "ते त्यालाच विचारा. समोरासमोर."

त्याच आठवड्यात वकीलबाई मालकांना भेटायला गेली. मालक आधी म्हणाले, "ठीक आहे, पगार न घेता त्याने माझ्याकडे गाडी चालवावी, फिटेपर्यंत." सावकाश लगेच तयार झाला. वकीलबाई मात्र ठाम होती. फुकट राबणं म्हणजे फेड नव्हे, वेठ. किती द्यायचं ते आकड्यात ठरवा, कोर्टापुढे ठरवा, आणि तो दुसरीकडे कमवून देईल.

अखेर मला कोर्टात न्यायचा दिवस आला. दोन शिपायांनी मला घरंगळत व्हरांड्यातून नेलं. मित्रांनो, हसू नका, पण आयुष्यात एवढं सलग मी तेव्हाच फिरले. न्यायाधीश एक वयस्क बाई होत्या. त्यांनी मालकांना विचारलं, "हीच का?" मालक म्हणाले, "हीच." तडजोडीचा अर्ज त्यांच्या पुढ्यात होता. त्या सावकाशला म्हणाल्या, "परत ठेवली म्हणून नेली नव्हती असं होत नाही, हे समजलं का?" तो हो म्हणाला. मग त्यांनी दोघांना एकेकट्याने विचारलं, कुणाचं दडपण तर नाही ना. आणि मालकांना म्हणाल्या, "तुम्हाला काही बोलायचंय?"

मालक सावकाशकडे वळले. "माझ्याकडे मागायचे होतेस रे."

"मागितले होते दादा."

"कधी?"

"गाडीच्या मागे उभं राहून. पुष्कळदा. तुम्ही म्हणालात, बघू."

"मला आठवत नाही."

मित्रांनो, तो प्रत्येक शब्द माझ्या डोक्यावर बोलला गेला होता. सगळ्या जगात एकच साक्षीदार होता आणि तो तिथेच कोर्टात, मधोमध, सगळ्यांच्या समोर ठेवलेला होता. पण मी साक्षीदार नव्हते, मी मुद्देमाल होते. मुद्देमालाला शपथ देत नाहीत. तेवढं दुःख मला पिंजऱ्यातही कधी झालं नव्हतं.

मालकांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "म्हणालो असेन."

त्या दोन शब्दांनंतर काम भराभर झालं. एका दिवसाच्या बर्फाची रास्त किंमत धरली. मासळीची आणि गेलेल्या कामाची मागणी मालकांनी सोडली. त्यातून सावकाशचे पंक्चरचे राहिलेले पैसे वजा केले. उरलं ते हप्त्याने द्यायचं, पावती घेऊन. आणि मला हसावं की रडावं ते कळेना, कारण पंक्चरच्या पैशांची ही वजाबाकी तीच होती, जी सावकाशने गाडीखाली एकट्याने केली होती. एकट्याने केली तेव्हा ती चोरी झाली, दोघांनी मिळून केली तेव्हा हिशेब झाला. कोर्टाने परवानगी दिली आणि सावकाश सुटला. बाहेर पडताना त्याने मालकांना वाकून नमस्कार केला. मालकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पण "उद्यापासून ये" असं काही ते म्हणाले नाहीत, आणि यानेही विचारलं नाही.

माझ्याबद्दल हुकूम असा झाला की अपिलाची मुदत संपल्यावर वस्तू मालकास परत द्यावी. मुदत संपली. मालकांनी तोवर नवी स्टेपनी घेतली होती. माझ्यासाठी अर्ज, ओळखपत्र, दोन खेपा, एवढं कोण करणार? तसं त्यांनी निरोपात कळवलं होतं की येतो, बघू. खटल्यातले सगळे बाहेर पडले, मी तेवढी आत राहिले. माझी हवा हळूहळू जाते आहे. पडून पडून एका बाजूला मी चपटी झाले आहे, आणि काठावर बारीक भेगा पडल्या आहेत.

परवा सावकाश आला होता. हजेरी नव्हती, सहज म्हणून आला. आता तो पाण्याचा टँकर चालवतो. हवालदारांनी कुलूप उघडून त्याला आत घेतलं. त्याने मला विकत मागितलं. हवालदार म्हणाले, "तुला कशी देऊ बाबा? हुकूम मालकाच्या नावाचा. तू हिला हात लावलास तर नवी केस व्हायची." आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

सावकाश हसला नाही. त्याने मला बघितलं, माझ्या भेगा बघितल्या. हवा बघायला तो वाकला, हात पुढे केला, आणि त्याची बोटं माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबली. हवालदार ओशाळून म्हणाले, "अरे, थट्टा केली मी. बघ ना, हवा बघायला कसली परवानगी?"

"नको," तो म्हणाला. त्याने दोन्ही हात मागे घेतले, एकात एक धरले, आणि तसेच मागे धरून दाराबाहेर गेला.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. दुसऱ्याची वस्तू लागली तर तोंडाने मागा, आणि चुकून नेलीच तर परत ठेवण्याआधी समोर जाऊन सांगा. तुमच्याकडे कुणी हक्काचं मागत असेल तर त्याला बघू म्हणून टांगून ठेवू नका. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. आणि कधी या बाजूला आलात तर जरा आत या आणि माझी हवा बघा. हात लावायला न घाबरणारं कुणीतरी मला हवं आहे.